मागच्या डाव्या चाकाची फिर्याद

दसरा. गाडी ताब्यात घेतली. जबाबदार: जुन्या गाड्या विकणारे शेठ.

कोजागिरीनंतरचा आठवडा. आवाज पहिल्यांदा ऐकला. जबाबदार: अद्याप कोणी नाही.

धनत्रयोदशी. मागचे दोन्ही टायर बदलले, आवाज बदलला नाही. जबाबदार: टायरवाले, ज्यांनी चाकाला हात न लावता निदान केले.

तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस. गाडी शेठच्या मिस्त्रीकडे गेली आणि ‘बेरिंग बदलले’ असे सांगून परत आली. जबाबदार: शेठ व मिस्त्री, वैयक्तिक आणि संयुक्तपणे.

संक्रांतीच्या आधीचा आठवडा, दुपार. माझी सून यवतमाळ रस्त्याच्या कडेला एकटी उभी. जबाबदार: वरील सर्व.

तारखा मी सणावारांनी लिहिल्या आहेत आणि त्यामागे कारण आहे. कॅलेंडरातला आकडा उद्या कोणीही नाकारील. पण दसऱ्याच्या दिवशी शेठच्या अंगणात झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्यांची रांग होती आणि अर्धे दारव्हा तिथे उभे होते. माझी सारी नोकरी दिवाणी न्यायालयात नाझर म्हणून गेली. समन्स, जप्ती, पंचनामा यांतच केस पांढरे झाले. साक्षीदार असलेला दिवस कसा लिहावा, हे मला कळते.

गाडी कोणासाठी घेतली, हे आधी सांगतो, कारण त्याशिवाय माझ्या रागाचे कारण समजणार नाही. मुलगा दूरच्या शहरात नोकरीला आहे. सून यवतमाळच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे आणि आमच्यासोबत दारव्ह्याला राहते. तिची नोकरी करारावरची. पाळी कधी सकाळची, कधी दुपारची, कधी रात्रीची. काळी-पिवळी जीप सीट भरल्याशिवाय हलत नाही, आणि सीट भरली तरी आणखी दोघे लटकल्याशिवाय ड्रायव्हरचा जीव भरत नाही. उशिरा पोचणाऱ्या मुलींचा करार पुढे वाढत नाही, असे तिच्या इन्चार्ज बाईंनी तिला स्पष्ट बजावले होते. एवढ्यासाठी गाडी हवी होती. आम्हा म्हाताऱ्यांना मिरवायचे नव्हते. तिने गाडी चालवायला शिकून घेतले, परवाना काढला, आणि ज्या दिवशी परवाना हाती आला त्या दिवशी माझ्या पत्नीच्या पाया पडून म्हणाली, “आई, आता मले कोणाच्या मांडीवर बसून जा लागणार नाही.”

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे, कारण सगळे पाप तिच्या आडोशाला लपलेले आहे. पूजा झाल्याशिवाय नवीन घेतलेली गाडी, मग ती दहा हात फिरून आलेली का असेना, गावाची शीव ओलांडत नाही. आधी देवीच्या देवळापर्यंत न्यायची, चाकाखाली लिंबू ठेवायचे, नारळ फोडायचा, मग ती कुठेही जावो. रीत म्हणून माझे तिच्याशी वैर नाही. पण शेठने तिचाच व्यापार केला आहे. त्यांच्याकडची ट्रायल म्हणजे अंगणातून देवीपर्यंत आणि देवीपासून अंगणापर्यंत. मध्ये भाजीबाजार, शाळा, स्पीडब्रेकर. एवढ्या अंतरात गाडी तिसऱ्या गिअरलाही महाग होते.

दसऱ्याला मी म्हणालो, “शेठ, एकदा यवतमाळ रोडला घेऊन पाहू.”

“घ्या ना काकाजी, कोन नाही म्हनते! पन आधी देवी. नारळाआधी शीव ओलांडता का तुम्ही? उद्या काही झालं तं सूनबाई मलेच म्हनन, का शेठनं अपशकून केला.”

मागे रांगेत उभे असलेले लोक हसले. पत्नीने माझी बाही ओढली. शेठने गाडीतली आरती मोठ्याने लावली, काचा वर केल्या, आणि आम्ही देवीपर्यंत गेलो. आरती सुंदर होती. ती तशी मोठ्याने का लावली, हे मला त्या दिवशी सुचले नाही. नारळ फुटला, शेठने प्रसाद सुनेच्या हातावर ठेवला आणि किल्लीही ठेवली.

कोजागिरी झाल्यावर सून एके दिवशी जेवताना म्हणाली, “बाबा, गाडी घोरते.”

“म्हणजे?”

“साठच्या वर गेली की घोरते. दूर कुठे जिनिंग सुरू असावं तसं. पन्नासवर आणली की गप्प.”

कापसाच्या हंगामात आमच्या भागात जिनिंगची घरघर हवेतच असते. मी म्हटले, तीच ऐकू येत असेल. पण दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत गेलो आणि ऐकले. शब्दात सांगायचे तर एकसुरी, जड, छातीला जाणवणारा गुणगुणाट. बोलणे थांबवले की तो स्पष्ट होई. वेग वाढला की स्वर चढे, वेग उतरला की बसे. इंजिनशी त्याचा संबंध नव्हता. सुनेने उतारावर क्लच दाबून इंजिन अगदी हलके केले, तरी आवाज तसाच राहिला. गाडी धावते आहे तोवर आवाज आहे. म्हणजे जे फिरते आहे त्यात आहे.

टायरवाल्याकडे गेलो. त्याने पायाने टायरला एक लाथ हाणली, ही त्याची तपासणी.

“टायर गेले, काकाजी. लाटा पडल्या यायच्यावर. मागचे दोन बदला, गाडी लोण्यासारखी जाईन.”

मी विचारले, “आधी पुढचे मागे आणि मागचे पुढे लावून पाहता येईल का? आवाज टायरचा असेल तर तो टायरसोबत जागा बदलेल.”

“वकील साहेब,” तो म्हणाला (मी वकील नाही, हे त्याला ठाऊक होते), “धनतेरस आहे. लोक सोनं घेऊन राह्यले, तुम्ही टायर घ्या.”

टायर बदलले. गाडी लोण्यासारखी गेली नाही. त्याच जागी, त्याच वेगाला, त्याच स्वरात घोरत राहिली. मी परत गेलो तेव्हा त्याने खांदे उडवले आणि रस्त्याकडे बोट दाखवले. रस्ताच खराब आहे, म्हणे. रस्त्याला उत्तर देता येत नाही, म्हणून सगळ्यांनी सगळे त्याच्याच माथी मारायचे.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी सुनेला सुटी होती. मी ठरवले की आता कोणाच्या मताला अर्थ नाही, पुरावा पाहिजे. मी मागच्या आसनावर बसलो, एका बाजूच्या पत्र्याला कान लावून. ती गाडी चालवत होती.

“आता?”

“आहे.”

“रस्ता बदलला बाबा, नवं डांबर आलं. आता?”

“तसाच आहे.”

हे महत्त्वाचे होते. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. खडबडीत डांबरावर वेगळा, गुळगुळीत डांबरावर वेगळा. हा आवाज रस्त्याला जुमानत नव्हता.

पुढे उजवीकडे मोठे वळण लागले. ती एकदम म्हणाली, “बाबा, ऐका! वाढला!”

वाढला होता. वळण संपले तसा उतरला. पुढच्या डाव्या वळणावर जवळजवळ नाहीसा झाला. तिने गाडी कडेला लावली आणि माझ्याकडे वळून पाहिले. तिच्या डोळ्यांत मी आनंद पाहिला, लपवून काय करू? डॉक्टरांनी चुकीचे निदान केलेला रुग्ण आपल्याला बरोबर कळला की परिचारिकेच्या चेहऱ्यावर जे येते, तेच ते होते.

“उजव्या वळणाला गाडीचा भार डावीकडं जातो ना, बाबा? मग डावीकडचं चाक आहे. भार पडला की ओरडतं.”

“पुढचे की मागचे?”

“ते तुम्ही सांगा. तुम्ही मागं बसले ना.”

मी डाव्या बाजूला सरकलो होतो. आवाज माझ्या पाठीखालून येत होता. चाके ब्रेकने तापू नयेत म्हणून घरी येताना तिने ब्रेक फारसा वापरला नाही; घरी आल्यावर आम्ही चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ हाताची मागची बाजू नेऊन पाहिली. तीन कोमट होती. मागचे डावे चांगलेच तापले होते. मग जॅक लावून ते उचलले. मी हाताने चाक फिरवले आणि सुनेने आत स्प्रिंगवर बोटे ठेवली. तिने डोळे मिटले. “रेती घातल्यासारखं लागते,” ती म्हणाली. उजवे चाक उचलून तसेच केले. तिथे काही नाही.

पत्नी दारात उभी राहून हे सारे पाहत होती. “झालं का तुमचं कोर्ट?” तिने विचारले. “आता त्या शेठले सांगा, का आधी कलम पाहून राह्यले?”

कलम मी पाहिलेलेच होते. वस्तुविक्रीच्या कायद्यात कलम एक्केचाळीस आहे: माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत खरेदीदाराने माल स्वीकारला असे मानता येत नाही. जो दोष साठच्या वेगाला दिसतो, तो भाजीबाजारातून देवीपर्यंत जाताना दिसू शकत नाही. मग ती संधी वाजवी कशी? हे मी शेठला त्यांच्याच अंगणात, त्यांच्याच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले. मग ते हसले.

“काकाजी, नारळ फुटला का नाही?”

“फुटला.”

“मंग गाडी तुमची झाली. आवाजही तुमचाच झाला ना!”

बाकावर बसलेले दोघे-तिघे खिदळले. सून माझ्याशेजारी उभी होती. शेठ तिच्याकडे न पाहता माझ्याशी बोलत राहिले. “बरं, लेडीज चालवते म्हटल्यावर क्लच दाबून चालवत असन. आवाज येतेच.”

सून म्हणाली, “शेठ, क्लचचा आवाज डावीकडं वळल्यावर बंद होत नाही.”

बाकावरचे हसणे थांबले. शेठनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिले. मला वाटते, तिला खरे काय ते कळले आहे, हे त्यांना त्या क्षणी समजले, आणि पुढचे सगळे त्यातूनच ठरले. ते एकदम गोड झाले. “ठीक आहे ताई, मिस्त्रीकडं सोडा. बेरिंग असन तं बेरिंग बदलून देतो. तुमच्यासाठी नाही का करणार?”

तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी गाडी सोडली. दोन दिवसांनी सुनेला फोन आला, “बेरिंग बदललं ताई, घेऊन जा.” गाडी आणली. यवतमाळ रोडला नेली. साठ, सत्तर, उजवे वळण, डावे वळण. निःशब्द. सून गाणे म्हणत आली. तिला गाणे येत नाही, तरी म्हणत आली. त्या रात्री मी शेठविषयीचे माझे मत थोडे नरम केले, हे इथे नोंदवतो, म्हणजे माझ्या मनात आधीपासून आकस होता असे कोणाला म्हणता येऊ नये.

दीड महिना ती रोज गेली. सगळ्या पाळ्या वेळेवर. इन्चार्ज बाईंनी करार वाढवायला तिचे नाव पुढे पाठवले.

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात, सकाळची पाळी संपवून येताना, उजवीकडच्या मोठ्या वळणावर गाडीचा मागचा भाग शेपटीसारखा हलायला लागला. ब्रेक दाबला तर पॅडल खोल गेले. ती घाबरली नाही, तिचेच शब्द आहेत, “घाबरायला वेळ नव्हता.” गिअर उतरवत उतरवत तिने गाडी कडेला घेतली. शेजारच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बाया होत्या. त्यांतली एक ओरडत धावत आली, “बाई, उतर खाली! चाकातून धूर निंगून राह्यला! चाक पाह्य ना तुयं, तिरपं झालं!”

तिने उतरून पाहिले. मागचे डावे चाक. त्या बायांनी तिला बांधावर बसवले, पाणी दिले, आणि मी पोचेपर्यंत एकीने तिचा हात सोडला नाही. मी पोचलो तेव्हा ती म्हणाली, “बाबा, मागून ट्रक येत होता.” एवढेच. नंतर आजतागायत त्या ट्रकविषयी ती बोललेली नाही.

गाडी यवतमाळच्या एका गॅरेजवर ओढून नेली. तिथला मालक भारी बोलका, स्वतःच्या हुशारीची वर्णने स्वतःच करणारा. पण चाक त्याने माझ्यासमोर उघडले. ड्रम निघाला आणि आत ग्रीसचा गोळाच दिसला, नवा, अजून मधासारखा पिवळा. त्याने तो कापडाने पुसला. खालून निघालेले बेरिंग काळे-निळे, खड्डे पडलेले, एक कडी तुटलेली.

“बाबूजी, कोन म्हने बदललं? हे तं गाडीसोबत आलेलंच दिसून राह्यलं. वरून ग्रीस थापून दिलं. आवाज दबते ना थोडे दिवस.”

“हे तुम्ही मला लिहून द्या.”

त्याचा चेहरा बंद झाला. “लिहून कायले पाह्यजे? नवं टाकून देतो, गाडी घेऊन जा. तुमच्या त्या शेठच्या गाड्याही माह्याकडं येते, बाबूजी. मले याच जिल्ह्यात धंदा करा लागते.”

मी शेठला फोन केला. “काकाजी, मिस्त्री म्हने बदललं. आता मी का चाकात घुसून पाहू?” मी मिस्त्रीकडे गेलो. तो गाडीखाली पडून होता, बाहेरही आला नाही. “शेठनं जे दिलं ते टाकलं,” असे गाडीखालून उत्तर आले. काय दिले होते? “शेठले विचारा.” टायरवाल्याकडे गेलो. तो म्हणाला की त्याला तर पहिल्याच दिवशी बेरिंगचा संशय आला होता. मग टायर का विकले? “तुम्ही घेतले म्हणून.”

हे सगळे मला तोंडी सत्य सांगतात. चौकात, चहाच्या टपरीवर, गाडीखालून. पण कोणी आपल्या नावाने सांगत नाही. मी शेठला आणि मिस्त्रीला रजिस्टर्ड पोस्टाने पत्रे पाठवली. पोचपावत्या सह्यांसकट परत आल्या. उत्तर आले नाही. लोक मला सांगतात की ग्राहक आयोगाकडे जा. जाणारच आहे, अर्ज तयार आहे. पण आयोग मला भरपाई देईल आणि मला भरपाई नको आहे. का नको, ते ऐका.

गाडी आता दुरुस्त आहे. नवीन बेरिंग माझ्या डोळ्यांदेखत बसले. साठला, सत्तरला, वळणावर, कुठेही आवाज नाही. पण सून तिच्यात बसत नाही. पहिल्या दिवशी तिने किल्ली घेतली, दार उघडले, बसली, आणि तशीच उतरली. मी म्हणालो, “अगं, आता कसलाही आवाज नाही.”

ती म्हणाली, “म्हणूनच भीती वाटते, बाबा. मागच्या वेळीही नव्हता.”

आवाज असलेली गाडी तिने चालवली असती, तो आवाज तिने स्वतः शोधला होता, तो तिच्या ओळखीचा होता. ज्या शांततेवर विश्वास ठेवून ती गात गात आली, ती शांतता खोटी निघाली. आता कोणतीच शांतता तिला खरी वाटत नाही. ती पुन्हा जीपने जाते. पुन्हा उशीर होतो. रात्रपाळीला जीप नाही म्हणून तिने दोनदा पाळी बदलून मागितली, आणि इन्चार्ज बाईंनी सांगितले की तिसऱ्यांदा मागितली तर करारासाठी पाठवलेले नाव परत घ्यावे लागेल. परवा रात्री ती पत्नीजवळ म्हणत होती, “सोडूनच द्यावी का, आई?” मी आतल्या खोलीत जागा होतो.

शेठ, तुम्ही आणि तुमचा मिस्त्री यांच्यात ग्रीस कोणी थापायला सांगितले आणि कोणी थापले, हे तुम्हा दोघांना माहीत आहे. तिसऱ्या कोणाला माहीत असण्याची शक्यता नाही. फोन तुमच्या दुकानाच्या नंबरवरून आला होता. बोलणारा पुरुष होता आणि त्याने ‘ताई’ म्हटले होते. मला पत्राचे उत्तर नको, मध्यस्थ नको, चहा नको, आणि अंगणातली ती प्लास्टिकची खुर्चीही नको. येत्या आठवडी बाजाराच्या दिवशी, लोक असताना, माझी सून तुमच्या दुकानासमोर उभी असेल. ती यायला तयार आहे, मी विचारून लिहितो आहे. तिच्याकडे पाहून, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, एकाच प्रश्नाचे उत्तर द्या: बेरिंग जुनेच आहे हे ठाऊक असताना, तिला ‘बदललं’ असे कोणी सांगितले?